पायाखालची चित्रे



बागेविषयी बोलावयाचे म्हटले की आपण फुलांविषयी बोलतो, वृक्षांविषयी बोलतो, फार झाले तर कारंज्यांविषयी बोलतो. बागेतली वाट आपल्याला चालण्यापुरतीच आठवते. पाय घसरला तर तिला नावे ठेवावीत, न घसरला तर तिला विसरून जावे, एवढाच आपला तिचा संबंध. आज मी जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे तो मात्र ही वाटच आहे. नदीतले आणि समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे, दगडाचे तुकडे, फुटकी कौले आणि खापऱ्या यांची नक्षी बसवून जुन्या बागांतून ज्या वाटा आणि अंगणे बांधली गेली, त्यांचा हा इतिहास आहे.

विषय लहान दिसतो, हे मला मान्य आहे. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जुन्या वास्तूत नवे काम करण्याची पाळी ज्याच्यावर येते त्याने काय करावे? जुन्याची हुबेहूब नक्कल करावी, की आपल्या काळाची खूण तेथे उमटवावी? आणि त्या कामाचा खरा कर्ता कोण मानावयाचा? कागदावर आराखडा काढणारा, की गुडघे टेकून एकेक गोटा बसविणारा? या प्रश्नांची उत्तरे पंडितांच्या चर्चेपेक्षा तीन बागांच्या जमिनीवर अधिक स्पष्ट लिहिलेली आहेत, असे मला वाटते. एक चीनमधील सूचौ नगरात आहे, दुसरी स्पेनमधील ग्रनाडा येथे आणि तिसरी अमेरिकेच्या राजधानीत.

तेथे जाण्यापूर्वी हे काम असते कसे ते पाहू. आपल्याकडे दारापुढे रांगोळी घालतात. रांगोळी तुडवू नये असा संकेत आहे. मुले त्यावरून धावली की घरातली बाई रागावते. गोट्यांची नक्षी ही याच्या नेमकी उलट. ती तुडविण्यासाठीच घातलेली असते, आणि पावलांनी ती जसजशी झिजते तसतशी उजळते. म्हणून तिच्या घडणीचा पहिला नियम सौंदर्याचा नसून बळकटीचा आहे. नवशिक्या माणसाला वाटते की गोट्याची सपाट, रुंद बाजू वर ठेवावी म्हणजे थोडक्या गोट्यांत पुष्कळ जागा भरेल. असा आडवा निजविलेला गोटा दोन पावसाळ्यांत उखडतो. जाणता गवंडी तो उभा रोवतो. त्याचा बहुतेक भाग चुन्यात जातो आणि वर दिसते ते केवळ टोक. गोटे एकमेकांना इतके घट्ट भिडवावयाचे की प्रत्येकाला शेजाऱ्याने आवळून धरावे. चुना किंवा सिमेंट हे त्यांच्यामधले साहाय्य. खरी पकड गोट्यांची एकमेकांतली. आधी कडेची ओळ, मग चित्राची बाह्यरेषा, मग आतली भरण आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी, असा सामान्यतः क्रम असतो. भरण झाली की वर फळी ठेवून ठोकून पातळी साधावयाची आणि पाणी वाहून जाईल इतका ढाळ द्यावयाचा. गोटे लांबट असतात, त्यामुळे ते कोणत्या दिशेला तोंड करून लावले यावर पान आणि पाणी यांतला फरक ठरतो. रंग दोनच असले, काळा आणि पांढरा, तरी केवळ दिशेने गवंडी लाट उठवू शकतो.

ही कला फार जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानात गोर्दियन हे फ्रिजियन लोकांच्या राजधानीचे स्थान आहे. तेथे १९५६ साली उत्खननात ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातली गोट्यांची जमीन सापडली. तिच्यावर भौमितिक आकृत्या आहेत. पण त्या एका आराखड्यात बांधलेल्या नाहीत, मन मानेल तशा विखुरलेल्या आहेत. पुढे पाच शतकांनी, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस, मासिदोनियातील पेल्ला या नगरात हीच कला कळसाला पोहोचली. पेल्ला म्हणजे अलेक्झांडर बादशहाचे जन्मस्थान. १९५७ पासून झालेल्या उत्खननात तेथील श्रीमंतांच्या घरांतून शिकारीची चित्रे बाहेर आली. काळसर पार्श्वभूमीवर फिकट रंगाचे नग्न वीर, सिंह, हरणे. आणि केसांच्या बटा व स्नायूंच्या रेषा नेमक्या उमटाव्यात म्हणून शिशाच्या व भाजक्या मातीच्या बारीक पट्ट्या बसविलेल्या. त्यांपैकी हरणाच्या शिकारीच्या चित्रावर कारागिराने गोट्यांतच आपले नाव लिहिले आहे. ग्नोसिसने हे केले, असा त्या अक्षरांचा अर्थ. कुट्टिमचित्रावर, म्हणजे जमिनीत जडविलेल्या चित्रावर, कर्त्याने केलेली ही आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी सही मानली जाते. हे नाव आपण ध्यानात ठेवू या, कारण पुढे आपल्याला असे नाव क्वचितच भेटणार आहे.

पेल्लाची ही चित्रे बागेतली नव्हेत, भोजनशाळेतली आहेत. त्यानंतर लवकरच दगडाचे लहान चौकोनी तुकडे कापून जडविण्याची रीत आली. कापलेल्या तुकड्यांनी चेहरा, छाया, कपड्याची चुणी अधिक बारकाईने काढता येते. दिवाणखान्यातून गोटा बाहेर पडला. पण अंगणात आणि बागेत तो टिकून राहिला, आणि त्याला कारण आहे. ओल्या जमिनीवर गुळगुळीत फरशीपेक्षा गोट्यांवर पाऊल अधिक घट्ट ठरते. गोटा विकत घ्यावा लागत नसे, नदी तो फुकट घडवून देत असे. आणि तो निखळला तर त्याच्या जागी दुसरा बसवावयास राजशिल्पी बोलवावा लागत नाही. घरात हरलेली कला अशी उघड्यावर जगली.

आता आपण चीनमध्ये जाऊ. मिंग राजवटीच्या अखेरच्या काळात जी चेंग नावाचा एक उद्यानशिल्पी होऊन गेला. त्याचा जन्म १५८२ सालचा, सूचौच्या परिसरातला. तो मूळचा चित्रकार. पुढे श्रीमंतांच्या बागा आखून देणे हा त्याचा व्यवसाय झाला. त्याने उद्यानरचनेवर ‘युआन ये’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्याची स्वतःची प्रस्तावना १६३१ ची असून ग्रंथ १६३४ च्या सुमारास छापला गेला. बाग कशी रचावी याचे शास्त्र सांगणारा चीनमधला हा पहिला स्वतंत्र ग्रंथ समजला जातो. पण त्याचे दैव विचित्र. ज्या सरदाराने तो छापण्यास साहाय्य केले त्याची पुढे राजकारणात इतकी दुष्कीर्ती झाली की ग्रंथही त्याच्याबरोबर झाकोळला गेला. चीनमध्ये तो जवळजवळ विस्मृतीत गेला, जपानात मात्र त्याच्या प्रती राहिल्या. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो पुन्हा मायदेशी प्रकाशित झाला.

या ग्रंथात वाटा आणि अंगणे फरसबंद कशी करावीत यावर एक प्रकरण आहे. सूचौच्या बागांतील गोट्यांच्या नक्षीची आज जगभर स्तुती होते. म्हणून एखाद्याला वाटेल की जी चेंगने तिचे गोडवे गाइले असतील. गंमत अशी की तो या कलेचा पहिला टीकाकार आहे. बागेतल्या चढउताराच्या वाटांसाठी त्याला पसंत आहेत ते लहान ओबडधोबड दगड, डाळिंबाच्या दाण्यांसारखे एकमेकांना खेटून बसविलेले. ते बळकटही असतात आणि देखणेही, असे त्याचे मत. गोट्यांत फुले काढून केलेली वाट त्याला कच्ची वाटते आणि सहज ग्राम्यतेकडे झुकणारी वाटते. हंसाच्या अंड्याएवढे गोटे वापरावयाचेच असतील तर जेथे माणसांची फारशी ये-जा नाही तेथे वापरावेत, लहानमोठे मिसळून वापरावेत. आणि हे सांगून तो पुढे शंका व्यक्त करतो की गवंड्यांना ते साधेल की नाही. विटांची वा कौलांची भौमितिक वीण तो चालवून घेतो. पण सारस, हरीण, चेंडू खेळणारा सिंह असली चित्रे काढावयास गेले की शेवटी कुत्र्यासारखे काहीतरी उमटते आणि लोक हसतात, असा त्याचा टोमणा आहे.

या टीकेबरोबर त्याने एक फार सुंदर विचार मांडला आहे. टाकाऊ कौलांनाही आपला दिवस येतो, असे तो म्हणतो. तळ्याकाठच्या उंचसखल खडकांभोवती फुटकी कौले कडेवर उभी करून लावली तर लाटा उसळल्याचा भास होतो. फुटलेल्या चौकोनी फरश्या घासून आंब्याच्या नव्हे, तर प्लम या त्यांच्या वसंतदूत वृक्षाच्या बुंध्याभोवती जुळविल्या तर गोठलेल्या पाण्याला तडे गेल्यासारखे दिसते. या योजनेतले मर्म पाहा. प्लमचे झाड थंडी सरता सरता, पाने येण्यापूर्वीच फुलते. त्याच्या पायाशी तडकलेले बर्फ काढावयाचे म्हणजे वसंत येत आहे हे जमिनीने सांगावयाचे. येथे नक्षी झाडापासून वेगळी नाही; झाड हलविले तर नक्षी निरर्थक होते. आराखडा करणाऱ्याने जी चेंगकडून एकच गोष्ट घ्यावयाची असेल तर ती ही आहे. आधी जागा वाचावी आणि मग नक्षी निवडावी.

जी चेंगचे म्हणणे लोकांनी पुरते ऐकले का? मुळीच नाही. नंतरच्या दोनअडीच शतकांत सूचौच्या अंगणांतून सारसही आले, हरणेही आली, वटवाघळेही आली. वटवाघूळ आपल्याकडे अशुभ. चिनी भाषेत मात्र त्या शब्दाचा उच्चार भाग्य या शब्दासारखा होतो, म्हणून पाच वटवाघळे म्हणजे पाच प्रकारचे सौभाग्य. हरणाचा उच्चार राजदरबारच्या वेतनासारखा, सारस म्हणजे दीर्घायुष्य. पेकिंगच्या राजवाड्यातील शाही उद्यानात तर रंगीत गोट्यांच्या वाटांवर शेकडो चित्रे आहेत, आणि तीन राज्यांच्या प्रसिद्ध कथेतील वीर तेथे पायाखाली लढत आहेत. शास्त्रकार एक सांगतो आणि लोक आपल्या हौसेने दुसरेच करतात, हा अनुभव काही एकट्या चीनचा नव्हे. मात्र सूचौच्या ‘चो-चंग’ उद्यानात, म्हणजे मिंग काळातील ज्या बागेच्या नावाचा अर्थ ‘सामान्य कारभाऱ्याची बाग’ असा लावतात तिच्यात, एक छोटे अंगण आहे. त्याचे नावच मुळी रानसफरचंदाच्या फुलांवरून पडलेले, आणि जमिनीवर त्याच फुलाच्या आकृतीची वीण. तेथे जी चेंगलाही हसू आले नसते.

जी चेंगच्या एका प्रसिद्ध वचनाशी मात्र माझा वाद आहे. बांधकामात तीन भाग कारागिराचे आणि सात भाग स्वामीचे, असे तो म्हणतो. आणि स्वामी म्हणजे धनी नव्हे, तर योजना करणारा, असा खुलासाही करतो. धन्याच्या हातून श्रेय काढून ते कलावंताला दिले हे उत्तम झाले. पण कारागिराच्या वाट्याला तीनच भाग का? इतिहासानेच याचे उत्तर दिले आहे. सूचौच्या बागांनी १८६० नंतरच्या तैपिंग बंडाच्या धामधुमीत आणि पुढे १९३७ च्या जपानी आक्रमणात फार हाल सोसले. ‘ल्यू’ उद्यान इतके उद्ध्वस्त झाले होते की १९५३ साली त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली आणि १९५४ मध्ये ते लोकांना खुले झाले. ही दुरुस्ती कोणत्या बळावर झाली? त्या परिसरात पिढीजात गवंडी, सुतार, दगडकाम करणारे लोक शिल्लक होते म्हणून. चार बागांची १९९७ साली जागतिक वारशात गणना झाली आणि २००० साली आणखी पाचांची. याच्या आधी, १९८६ मध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर शहरात डॉ. सन यत्-सेन यांच्या नावाने सूचौ पद्धतीची बाग उभारण्यात आली. आराखडे पाठविले असते तर टपालखर्चात काम भागले असते! पण सूचौहून बावन्न कारागीर तेथे गेले, आणि अंगणात जडवावयाचे गोटेसुद्धा चीनहून गेले. कागदावर जे सात भाग होते त्यांना हे तीन भाग भेटल्याखेरीज एक इंचही जमीन झाकता आली नाही.

आता दुसरी बाग. स्पेनच्या दक्षिणेस ग्रनाडा नगरात अलहंब्रा हा नासरी सुलतानांचा राजवाडा आणि त्याच्या शेजारच्या टेकडीवर त्यांचे उन्हाळी विश्रामस्थान, हेनेरालीफे. हे नाव अरबी ‘जन्नत-अल-आरिफ’ यावरून आले. जन्नत हा शब्द आपल्या कानांना ओळखीचा आहे. १४९२ मध्ये ग्रनाडा ख्रिस्ती राजांच्या हाती गेले, आणि ही बाग पुढे एका सरदार घराण्याकडे राहिली. दीर्घ दाव्यानंतर १९२१ साली ती सरकारी मालकीची झाली.

आज तेथे जाणारा प्रवासी उंच सरूच्या भिंतींमधून चालतो. त्याच्या पायाखाली काळ्यापांढऱ्या गोट्यांची वेलबुट्टी असते. पांढरा गोटा दार्रो नदीचा, काळा गोटा हेनील नदीचा. दोन्ही नद्या त्याच नगरातून वाहतात आणि तेथेच एकमेकींना मिळतात. ग्रनाडाच्या गल्ल्यांतून, चौकांतून, टेकडीवरच्या घरांच्या परसांतूनही हीच नक्षी आहे. तिच्यात पुन्हापुन्हा डाळिंब दिसते, कारण स्पॅनिश भाषेत ग्रनाडा म्हणजे डाळिंब. जी चेंगला हवे असलेले डाळिंबाचे दाणे येथे निराळ्याच वाटेने येऊन बसले आहेत.

प्रवाशाला वाटते की आपण सुलतानाच्या वाटेवरून चाललो आहोत. तसे नाही. जुन्या भाजीफळांच्या मळ्यांच्या जागी घातलेली ही खालची उद्याने विसाव्या शतकातली आहेत. त्यांचा आरंभ १९३१ साली झाला आणि वास्तुशिल्पी फ्रान्सिस्को प्रिएतो-मोरेनो यांनी ती १९५१ साली पुरी केली. म्हणजे त्या वाटा आपल्यापैकी काही वडीलधाऱ्या श्रोत्यांच्या वयाच्या आहेत! मग त्यांना खोट्या म्हणावयाचे का?

या प्रश्नाचा विचार करताना दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की १९२३ ते १९३६ या काळात अलहंब्राची देखभाल लेओपोल्दो तोर्रेस बाल्बास नावाच्या विद्वानाकडे होती. त्यांचा दंडक असा की जुन्याची पडझड भरून काढावी, पण नवा भाग साधा ठेवावा, म्हणजे पाहणाऱ्याला जुने कोणते आणि नवे कोणते ते कळेल. नाहीशा झालेल्या भिंतींच्या जागी त्यांनी कित्येकदा केवळ हिरव्या कुंपणाच्या रेषा उभ्या केल्या. दुसरी गोष्ट अशी की १९५८ साली हेनेरालीफेच्या पाटाच्या अंगणात आग लागली. नुकसान झाले, पण त्यानंतरच्या उत्खननात मातीच्या थराखाली मध्ययुगीन बागेची मूळ पातळी हाती आली. लांबट अंगण, मधोमध पाण्याचा पाट, त्याला छेदणारी आडवी वाट आणि वाटेपेक्षा पुष्कळ खोल असलेले वाफे. झाडे खोलात असल्यामुळे फुले वाटेच्या पातळीला यावीत आणि चालणाऱ्याला गालिच्यावरून चालल्याचा भास व्हावा, अशी ती योजना दिसते. ज्या कारंज्यांच्या कमानी आज त्या अंगणाच्या प्रत्येक छायाचित्रात दिसतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या. सुलतानाचे पाणी संथ होते.

तेव्हा माझे उत्तर असे की प्रिएतो-मोरेनो यांच्या वाटा खोट्या नाहीत. नदी त्याच गावची, गोटा त्याच नदीचा, हात त्याच गावच्या गवंड्याचा, आणि रीत खंड न पडता चालत आलेली. एखाद्या घराण्यातल्या नव्या सुनेने जुनाच पदार्थ केला तर तो नकली होत नाही. पण तीच नक्षी सुलतानाच्या काळची म्हणून कोणी दाखविली, किंवा १९५९ च्या उत्खननात सापडलेल्या खऱ्या वाटेवर शोभेसाठी अंथरली, तर मात्र ती लबाडी होईल. खोटेपणा गोट्यात नसतो, त्याच्याविषयी आपण जे सांगतो त्यात असतो.

तिसरी बाग अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात आहे. डंबार्टन ओक्स या नावाची ही वाडी रॉबर्ट आणि मिल्ड्रेड ब्लिस या दांपत्याने १९२० साली विकत घेतली. १९४४ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेची बोलणी जेथे झाली तीच ही वास्तू. बागेची आखणी बीट्रिक्स फॅरंड या बाईंनी केली. अमेरिकेतील उद्यानशिल्पींची संस्था १८९९ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या अकरा संस्थापकांत त्या एकट्याच स्त्री होत्या. १९४० साली ब्लिस दांपत्याने ही वास्तू आणि बाग हार्वर्ड विद्यापीठाला दिली. फॅरंडबाईंच्या आराखड्यात एक टेनिसचे मैदान होते. पुढे खेळणारे उरले नाहीत आणि मैदान ओस पडले. तेव्हा १९५९ ते १९६१ या काळात मिल्ड्रेड ब्लिस यांनी, फॅरंडबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या रूथ हॅव्ही यांच्याकडून, त्या जागी गोट्यांची बाग करून घेतली.

या कामात जुने असे काहीच नाही. गोटे मेक्सिकोहून आणलेले, घाट युरोपातील राजवाड्यांच्या वळणाचा, आणि मध्यभागी गव्हाची एक मोठी पेंढी. ही पेंढी ब्लिस घराण्याच्या चिन्हातली. त्या घराण्याचे लॅटिन ब्रीद आपल्या ‘पेरावे तसे उगवते’ या म्हणीच्याच अर्थाचे आहे. पण एक युक्ती येथे फार चांगली साधली आहे. या नक्षीवरून चालावयाचे नाही. तिच्यावर पाण्याचा पातळ थर खेळविण्याची योजना केली, आणि ती वरच्या गच्चीवरून पाहावयाची. नदीकाठी उचललेला रंगीत गोटा घरी येईपर्यंत वाळतो आणि निस्तेज होतो, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी घेतला असेल. पाण्यात त्याचा रंग पुन्हा उजळतो. रूथ हॅव्ही यांनी गोट्याला त्याचे पाणी परत दिले. आणि जी चेंगने तीन शतकांपूर्वी घातलेली अट, की गोट्यांची चित्रे ये-जा नसलेल्या जागी असावीत, तीही आपोआप पाळली गेली.

पण फॅरंडबाईंच्या बागेत हा बदल करावयाचा अधिकार होता का, असा प्रश्न कोणी विचारील. होता, असे मला वाटते. कारण टेनिसचे मैदान हे काही बागेचे हृदय नव्हे आणि नव्या कामाने आजूबाजूच्या गच्च्यांची मूळ रचना मोडली नाही. शिवाय आपण कोणत्या सालचे आहोत हे त्या कामाने लपविलेले नाही. आता त्यालाही साठ वर्षे उलटून गेली आहेत, आणि जे आगंतुक होते ते स्वतःच जतन करण्याजोगे झाले आहे.

ऐतिहासिक उद्यानांसाठी १९८१ साली फ्लॉरेन्स येथे एक सनद तयार झाली. बाग हे जिवंत स्मारक आहे, असे तिचे मुख्य सूत्र. दगडी मंदिर जसेच्या तसे ठेवण्याचा प्रयत्न करता येतो. झाड वाढते, वठते, त्याची मुळे फरसबंदी उचलतात. सनद सांगते की अभ्यासावाचून जीर्णोद्धाराला हात घालू नये, आणि सामान्यतः एका कालखंडासाठी दुसऱ्या कालखंडाचा बळी देऊ नये. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पण फावडे हातात घेतलेल्या माणसाला रोज निर्णय करावा लागतो. झाड वाचवावे की नक्षी? झिजलेला सारस नवा करावा की झिजू द्यावा?

तीन बागांनी मला जे शिकविले त्यावरून मी एवढेच सांगेन. पहिले, जुनी नक्षी उचलण्यापूर्वी तिचे संपूर्ण रेखाटन आणि छायाचित्रे घ्यावीत. गोट्याची दिशासुद्धा नोंदावी, कारण अर्धे चित्र त्या दिशेत असते. दुसरे, चुना गोट्यापेक्षा मऊ असावा. कठीण सिमेंटमध्ये बसविलेली नक्षी पुढे दुरुस्त करावयाची झाली तर गोटे फोडल्याशिवाय निघत नाहीत, आणि आत कोंडलेले पाणी थंडीत गोठून फुगते आणि जमीन फोडते. मऊ चुना स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवितो. तिसरे, गोटा कोठून आणावयाचा याचा विचार करावा. पूर्वी नदी देत असे आणि माणूस पाटी भरून नेत असे. आता नद्यांना आणि किनाऱ्यांनाही त्यांचे गोटे हवे आहेत. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक सत्तांना किनाऱ्यावरील गोटे नेण्यास बंदी करण्याचा अधिकार दिला. एका जागेचा वारसा राखण्यासाठी दुसरी जागा उजाड करणे हा वारसा नव्हे. चौथे, पावलांची मोजणी करावी. जी चेंगच्या अंगणात चार मित्र आणि त्यांचे नोकर चालत असत. अलहंब्राला आज वर्षाला वीस लाखांहून अधिक माणसे येतात. इतक्या पावलांखाली कोणताही गोटा सैल होतो, आणि वृद्धांना व चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना त्या वाटेवरून जाणे कठीण पडते. त्यांच्यासाठी शेजारून सपाट पट्टी काढली तर बागेचा अपमान होत नाही.

आणि पाचवी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नवे काम करणाऱ्याने कोपऱ्यात कोठेतरी साल लिहावे, आणि सालाबरोबर गवंड्याचे नाव लिहावे. आपल्याला जी चेंग ठाऊक आहे, प्रिएतो-मोरेनो ठाऊक आहेत, रूथ हॅव्ही ठाऊक आहेत. ज्यांनी उन्हात बसून दार्रोचा गोटा हेनीलच्या गोट्याशेजारी ठोकला त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत. व्हँकुव्हरला गेलेल्या कारागिरांची आपण संख्या सांगतो, बावन्न. आणि संख्या सांगितली म्हणजे कर्तव्य संपले असे मानतो. तेवीस शतकांपूर्वी ग्नोसिसला हे सुचले होते. पुढे ते सर्वजण विसरले.

हा केवळ कृतज्ञतेचा प्रश्न नाही. ज्या कामाला नाव नसते ते काम मुले शिकत नाहीत. गवंड्याच्या मुलाला दिसते की बापाने जन्मभर गुडघे झिजविले आणि पाटीवर नाव लागले ते दुसऱ्याचे. तो शहरात जाऊन निराळा धंदा धरतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मग शंभर वर्षांनी एखाद्या बागेची जमीन उखडते, उत्तम आराखडे कपाटात असतात, निधी मंजूर झालेला असतो, आणि गोटा उभा रोवावा की आडवा हे सांगणारे कोणीही उरलेले नसते. सूचौला ही वेळ आली नाही, कारण हात शिल्लक होते. जेथे हात संपले तेथे बाग छायाचित्रात राहते.

 यापुढे कोणत्याही जुन्या बागेत, वाड्यात वा देवळाच्या आवारात गेलात तर एकदा खाली पाहा, आणि तेथे कोणी दुरुस्तीला बसलेला दिसला तर त्याचे नाव विचारा.